व्हेप की सिगारेट? फार्मसीच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आमची फार्मसी आहे. औषधांच्या दुकानाला इथे गोव्यात फार्मसीच म्हणतात. आधी वडील काउंटरमागे उभे राहायचे, आता मी राहते. गेली चार-पाच वर्षं एक गोष्ट पाहते आहे. गिऱ्हाईक आपली औषधं घेतं, पैसे देतं, मागे कोणी नाही ना हे बघतं आणि आवाज खाली आणून विचारतं, ‘‘ते व्हेप का काय असतं, ते सिगारेटपेक्षा बरं ना?’’ व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट. विचारणाऱ्यांत वीस वर्षं सिगारेट ओढणारे ट्रकचालक असतात, बोटीवरून सुट्टीत आलेले तारवटी असतात, हायर सेकंडरीतल्या मुलांच्या आया असतात. प्रत्येकाला तेच उत्तर देऊन चालत नाही, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

एका वाक्यात सांगा, व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे का?

तुम्ही कोणासाठी विचारताय, ते आधी सांगा.

रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याने सिगारेट पूर्ण सोडली आणि तिच्या जागी फक्त व्हेप धरला, तर त्याच्या शरीरात जाणारी विषारी द्रव्यं बरीच कमी होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ साली उपलब्ध संशोधन तपासून हेच म्हटलं आहे. पण सोळा वर्षांच्या ज्या मुलाने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, त्याच्यासाठी सिगारेटशी तुलना करण्यात अर्थच नाही. त्याच्या व्हेपची तुलना करायची ती तो आत्तापर्यंत घेत आला त्या साध्या हवेशी. त्या तुलनेत व्हेप सरळसरळ नुकसानीचा आहे.

तिसरा प्रकार दोन्ही ओढणाऱ्यांचा. घरात आणि गाडीत व्हेप, मित्रांत बसलं की सिगारेट. माझ्याकडे येणाऱ्यांत हेच सर्वांत जास्त असतात आणि आपण अर्धी लढाई जिंकली अशी त्यांची समजूत असते. त्यांच्याविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे, तेवढं तरी वाचाच.

सिगारेटमध्ये असं काय असतं जे व्हेपमध्ये नसतं?

सिगारेटमध्ये आग असते. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतं. तंबाखूचं पान आणि कागद जळून जो धूर होतो, त्यात ७,००० हून अधिक रसायनं मोजली गेली आहेत आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोग घडवणारी आहेत. फुप्फुसात जाऊन बसणारं डांबर या जळण्यातूनच येतं. रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइडही त्यातूनच येतो. ओल्या लाकडांची चूल पेटवून तिच्यावर तोंड धरल्यासारखंच आहे हे, फक्त दिवसातून वीस वेळा.

व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर एक बारीक तार तापते आणि तिच्याभोवतीचं द्रव धुक्यासारखं होऊन बाहेर येतं. डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. सिगारेट आणि व्हेप यांच्यातला मोठा फरक एवढाच आहे आणि तो खरा आहे. व्हेपही तेवढाच वाईट, असं सरसकट सांगणारे लोक भेटतात. हेतू चांगला असतो त्यांचा, पण ऐकणाऱ्याला कधी ना कधी खरं कळतंच आणि मग तो आपल्या बाकीच्या सांगण्यावरही विश्वास ठेवत नाही.

म्हणजे व्हेपमधून निघते ती पाण्याची वाफच ना?

नाही. पेजेच्या भांड्यावरचं झाकण काढल्यावर येते ती पाण्याची वाफ. व्हेपमधून येतात ते द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब. त्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. ही पहिली दोन खाण्यात आणि औषधांतही वापरतात, म्हणून ती निर्धोक आहेत असं विकणारा सांगतो. पण जे पोटात गेलेलं चालतं ते फुप्फुसात गेलेलंही चालेल असं नसतं. खोबरेल तेल आपण रोज जेवणात खातो. ते श्वासातून आत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

तार जास्त तापली किंवा द्रव संपत आलं की याच घटकांपासून फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात. तेव्हा घशाला जळका, करपट झटका बसतो. तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंशही धुक्यात उतरतात. सिगारेटच्या मानाने या गोष्टींचं प्रमाण सहसा कमी असतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि उपकरण हलक्या दर्जाचं असेल तर कमीचीही खात्री देता येत नाही.

एका व्हेपमध्ये निकोटीन किती असतं?

पाकिटावर लिहिलेला टक्का बघून लोक फसतात. ५ टक्के म्हटलं की ऐकायला किरकोळ वाटतं. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटीन, आणि वापरून फेकायच्या काही व्हेपमध्ये तर १० मिलिलिटर द्रव असतं. म्हणजे हातातल्या त्या रंगीत डबीत ५०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीराला साधारण १ ते २ मिलिग्रॅम निकोटीन मिळतं. डबीतलं सगळं निकोटीन काही रक्तात उतरत नाही, तरी हिशेब ज्याचा त्याने करावा.

त्यातही सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते. थोटूक टाकावंच लागतं, दुसरी पेटवायची तर आधी उठून बाहेर जावं लागतं. व्हेपला शेवट नसतो. अंथरुणात पडल्या पडल्या, आंघोळीला जाताना, अभ्यास करताना एकेक झुरका चालूच असतो आणि किती झाले हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय आजच्या व्हेपमध्ये निकोटीनचे क्षार वापरतात. साधं निकोटीन इतक्या प्रमाणात घेतलं तर घसा पकडतो, खोकला येतो. क्षारांमुळे ते घशाला मऊ लागतं. पहिल्या सिगारेटला प्रत्येकाला ठसका लागतो, आणि त्या ठसक्यानेच कितीतरी मुलं परत त्या वाटेला गेली नाहीत. व्हेपमध्ये तो ठसकाच काढून टाकला आहे. मला या उपकरणाची सर्वांत जास्त भीती वाटते ती याच कारणाने.

मुलाच्या बॅगेत पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं. आंब्याचा वास येतो. काय करू?

हा प्रश्न विचारणारी आई बहुतेक वेळा रडवेली असते. म्हणून पहिली गोष्ट सांगते, आज रात्री काही करू नका. फेकू नका, वडिलांच्या हातात देऊन घरात आरडाओरडा करू नका. वस्तू नीट पाहा. कुठे २ किंवा ५ टक्के, किंवा मिलिग्रॅमचा आकडा छापलाय का बघा. आकडा नसला किंवा निकोटीन नाही असं लिहिलेलं असलं तरी त्यावर भिस्त ठेवू नका. आपल्या देशात ही विक्रीच बेकायदा आहे, त्यामुळे त्या छापील मजकुराला कोणी तपासनीस नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाशी एकटीने बोला. ‘‘कुठून आणलंस, कोणी दिलं’’ या चौकशीने सुरुवात केली की मुलगा मित्राला वाचवायला खोटं बोलतो आणि बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा विचारा, ‘‘सकाळी उठल्यावर किती वेळात लागतं रे तुला?’’ उत्तर अर्ध्या तासाच्या आत असेल तर त्याला व्यसन जडलं आहे. अशा मुलाला ‘‘शपथ घे, परत हात लावणार नाहीस’’ म्हणणं निरुपयोगी आहे. तो शपथ घेईल, दोन दिवस पाळेल, तिसऱ्या दिवशी चिडचिड, डोकेदुखी, अभ्यासात लक्ष नाही असं सगळं सुरू होईल आणि मग तो चोरून ओढेल. त्याला डॉक्टरकडे न्यावं लागेल. अठराच्या आतल्या मुलाला च्युइंगगम किंवा गोळ्या काउंटरवरून परस्पर नेऊन देऊ नका.

माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. लक्ष देणं, मोह आवरणं ही कामं करणारा पुढचा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. त्या काळात निकोटीनची सवय लागली तर ती खोल रुजते. चाळिशीतला माणूस आणि पंधरा वर्षांचा मुलगा तोच व्हेप ओढत असले, तरी दोघांचं नुकसान सारखं नसतं.

आणि मैत्रिणींनो, मुलींच्या बॅगाही बघा. सिगारेटचा वास आईला दारातच कळायचा. आंबा, द्राक्ष, पुदिना यांचा वास आल्यावर आईला वाटतं, नवं अत्तर असेल.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिथे डॉक्टरच सिगारेट सोडायला व्हेप देतात म्हणतो. तो खोटं बोलतोय का?

खोटं बोलत नाही. इंग्लंडच्या सरकारने २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचे संच द्यायची योजना जाहीर केली. त्याच्या मागे संशोधनही आहे. तिथे ८८६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांच्या एका गटाला व्हेप दिला, दुसऱ्याला निकोटीनचे पॅच, च्युइंगगम वगैरे. वर्षानंतर व्हेपच्या गटातले १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. व्हेपचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा भाच्याला सांगितला नसेल कोणी. व्हेपने सिगारेट सोडली त्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. दुसऱ्या गटात सुटलेल्यांपैकी फक्त ९ टक्के पॅच-च्युइंगगमवर होते. सिगारेट सुटली, निकोटीन राहिलं.

आणि त्या लोकांना व्हेपसोबत आठवड्याला समुपदेशन मिळत होतं. तिथल्या व्हेपमध्ये एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर निकोटीन चालत नाही, द्रवात काय काय आहे त्याची सरकारकडे नोंद करावी लागते. वापरून फेकायचे व्हेप तर त्यांनी १ जून २०२५ पासून बंदच केले. किनाऱ्याकडच्या एखाद्या दुकानाच्या खणातून चोरून काढून दिलेला व्हेप आणि हा व्हेप एकच नव्हेत. इंग्लंडचं संशोधन इंग्लंडच्या व्हेपला लागू होतं.

आपल्याकडे सिगारेट उघड मिळते आणि व्हेपवर बंदी. हा कुठला न्याय?

सिगारेट ओढणारे हे फार रागाने विचारतात आणि त्यांचा राग मला कळतो. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळं बंद. तंबाखू न जाळता नुसती तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्काही त्यात आले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पर्यटक किंवा तारवटी बाहेरून घेऊन येतात तेही आयातच. दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर जप्त झालं तर तक्रार करायला जागा नाही.

सिगारेट शंभर वर्षं रुजलेली आहे, तिच्यावर कोट्यवधी लोकांचं व्यसन आणि लाखोंचं पोट अवलंबून आहे. नवं व्यसन रुजण्याआधीच उपटून टाकावं, असा सरकारचा विचार होता. चाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाचा एक पर्याय त्यामुळे गेला, हे खरं. तरीही माझं मत विचाराल तर गोव्यासाठी बंदी बरोबरच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत गोव्यात प्रौढांपैकी फक्त ९.७ टक्के लोक तंबाखू वापरत होते. देशाची सरासरी होती २८.६ टक्के, आणि सगळ्या राज्यांत आपलं प्रमाण सर्वांत कमी होतं. आपल्या मुलांच्या मोठ्या भागाने तंबाखूला हातच लावलेला नाही, त्यांच्यापर्यंत हे उपकरण पोचू द्यायचं कशासाठी? दुःख याचं वाटतं की बंदी असूनही ते पोचतं आहे.

मी वीसवरून दोन सिगारेटवर आलो, बाकी व्हेप. फायदा झाला ना?

फुप्फुसाला थोडा झाला. हृदयाला तुम्हाला वाटतो तेवढा नाही.

वीसच्या जागी दोन म्हणजे धोका दहा पटींनी कमी, असं कोणालाही वाटेल. हृदयाचं गणित तसं चालत नाही. २०१८ मध्ये अनेक मोठे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्याला वीस ओढणाऱ्याच्या जादा हृदयविकार-धोक्यापैकी जवळजवळ निम्मा धोका येतो असं दिसलं. एका सिगारेटच्या धुरानेही रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं आणि रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. त्यात तुम्ही दिवसभर व्हेपचं निकोटीन घालता. निकोटीनने नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात.

रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडून नेणारे एक गृहस्थ दर महिन्याला अभिमानाने सांगायचे, आता फक्त दोनच. त्या दोन सोडायच्या राहिल्या त्या राहिल्याच. गेल्या चवथीच्या आधी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. व्हेपमुळे झाली असं मी म्हणणार नाही, तसं कोणी सांगू शकत नाही. पण दोनवर थांबल्याने ते निश्चिंत झाले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना मी तेव्हाच अडवायला हवं होतं.

शेवटच्या दोन जात नसतील तर व्हेप वाढवू नका. त्या दोन कधी ओढता ते लिहून काढा, बहुतेकांच्या ठरलेल्या असतात. सकाळच्या चहानंतरची एक आणि रात्री जेवणानंतरची एक. त्या दोन वेळांपुरता च्युइंगगमचा आधार घ्या.

व्हेपने फुप्फुसं एकदम निकामी होतात, अमेरिकेत माणसं मेली असं वाचलं. खरं का?

मेली. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथे धडधाकट तरुण मुलं धाप लागून अतिदक्षता विभागात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. तपासात बोट ठेवलं गेलं ते मुख्यतः व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. गांजातला नशेचा घटक घातलेल्या, चोरट्या बाजारातल्या द्रवात घट्टपणा आणण्यासाठी ते मिसळलेलं होतं. म्हणजे साध्या निकोटीनच्या व्हेपने ही साथ आली असं म्हणणं बरोबर नाही. पण आपल्या बाबतीत त्याचा अर्थ काय? भारतात मिळणारा प्रत्येक व्हेप चोरट्या बाजारातलाच असतो. रात्रीच्या पार्टीत कोणी हातात दिलेल्या व्हेपमध्ये काय भरलंय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पॉपकॉर्न लंग हे नावही मुलांनी ऐकलेलं असतं. लोण्याचा स्वाद देणारं डायसिटिल हुंगून अमेरिकेतल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या बुजल्या, त्यावरून ते नाव पडलं. काही व्हेप-द्रवांत डायसिटिल सापडलं आहे, पण ते सिगारेटच्या धुरातही असतं. भीती घालायला हे नाव वापरलं जातं तेवढा त्याला आधार नाही.

रोजच्या पाहण्यातल्या गोष्टी कमी भयंकर आणि जास्त खऱ्या आहेत. दम्याच्या मुलाचा पंप महिनाभर पुरायचा, तो पंधरा दिवसांत संपायला लागतो. कोरडा खोकला, रात्रीची घरघर. पंप जास्त लागतोय असं दिसलं की मी आता थेट विचारते.

कर्करोगाचं काय?

सिगारेटचं सिद्ध झालेलं आहे. फुप्फुस, तोंड, घसा, मूत्राशय, स्वादुपिंड, यादी मोठी आहे. व्हेप बाजारात आला २००३ नंतर, चीनमधून. कर्करोग घडायला वीस-तीस वर्षं लागतात. व्हेप ओढणाऱ्यांची पहिली मोठी पिढी अजून त्या वयाला पोचायची आहे. कर्करोगकारक द्रव्यं त्यात सिगारेटपेक्षा कमी सापडतात, इथपर्यंतच आज बोलता येतं.

मी भजनात गातो, जत्रेतल्या नाटकात पदंही असतात. सिगारेटने आवाज जातो म्हणून व्हेप घेतला. चालेल?

आपल्या गोव्यात हा प्रश्न यायलाच हवा. प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी शोषून घेतं. व्हेप ओढल्यावर घसा कोरडा पडतो, तहान लागते, ते यामुळेच. स्वरपट्ट्यांवर ओलावा राहिला तरच त्या नीट कंप पावतात. सिगारेटच्या धुराने त्या सुजतात आणि आवाज हळूहळू जाड, खालचा होत जातो. व्हेपमध्ये धूर नाही, पण कोरडेपणा आहे आणि वर निकोटीनमुळे छातीत आंबट येतं. रात्री ते आम्ल घशापर्यंत चढलं तर सकाळी षड्ज लागत नाही. सप्ताहाच्या आधी आठ दिवस दोन्ही बंद ठेवून बघा, वरचा सा तुम्हालाच सांगेल.

सिगारेट सोडली किंवा व्हेपवर गेलो तर चालू औषधांवर काही परिणाम होतो का?

हे कोणी विचारत नाही, पण मला फार सांगायचं असतं, म्हणून इथे घातलं. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोमाने काम करू लागतं आणि ठरावीक औषधं लवकर जाळून टाकतं. दम्यासाठीचं थिओफिलिन त्यांतलं एक. मानसिक आजारासाठीची क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही आणखी दोन. डॉक्टरांनी डोस बसवलेला असतो तो सिगारेट चालू असताना. सिगारेट थांबली की काही दिवसांत विकर मंदावतं आणि त्याच गोळीने रक्तातलं औषध वाढतं. क्लोझापिन आणि थिओफिलिनच्या बाबतीत हे धोक्याचं ठरू शकतं. परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. त्यामुळे सिगारेटवरून व्हेपवर गेलात तरी हेच होतं. गोळी आपणहून कमी करू नका, पण सिगारेट थांबवायच्या आधी डॉक्टरांना कळवा.

कॉफीचंही असंच आहे. सिगारेट सोडल्यावर तेवढ्याच कॉफीने कॅफीन जास्त चढतं. हात थरथरतात, झोप येत नाही, आणि माणसाला वाटतं ही सिगारेटची तलफ. कॉफी निम्मी करा.

पस्तिशीच्या पुढच्या बायका गर्भनिरोधक गोळी घेत असतील आणि सिगारेटही ओढत असतील, तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका बराच वाढतो. हे डॉक्टरांपासून लपवू नका.

घरात सून गरोदर आहे. नवरा म्हणतो, धूर नाही, मग घरात व्हेप ओढायला काय हरकत?

हरकत आहे. सिगारेटच्या जळत्या टोकातून खोलीत धूर पसरत राहतो. व्हेपमधून तसं काही निघत नाही, बाहेर पडतं ते फक्त ओढणाऱ्याच्या तोंडातलं. म्हणून ते प्रमाण कमी, पण त्यात निकोटीन आणि सूक्ष्म कण असतातच. निकोटीन वारेतून बाळापर्यंत जातं आणि त्याच्या मेंदूच्या आणि फुप्फुसांच्या वाढीत ढवळाढवळ करतं. गरोदर बाईने स्वतः तर दोन्ही नकोच.

बाळ रांगायला लागलं की आणखी एक भीती. गोड वासाची रंगीत वस्तू दिसली की ते तोंडात घालणार. त्या द्रवाचा थोडासा घोटही लहान मुलाला घातक ठरू शकतो. उलट्या, घाम, अंग ढिलं पडणं असं दिसलं तर वाट न बघता इस्पितळ गाठा आणि ती डबी सोबत न्या.

मग सोडायचं कसं? निकोटीन च्युइंगगम खरंच लागू पडतं?

नीट खाल्लं तर पडतं. नव्वद टक्के लोक ते साध्या च्युइंगगमसारखं चघळतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, उचकी लागली, पोट दुखलं, काही उपयोग नाही. निकोटीन गिळायचं नसतं, गालाच्या आतल्या त्वचेतून ते रक्तात जावं लागतं. सावकाश चावा. तिखट, झिणझिण्या लागल्या की थांबा आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवा. चव गेली की परत दोन-चार वेळा चावा, परत धरून ठेवा. एक तुकडा अर्धा तास चालतो. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत कॉफी, लिंबू सोडा, सोलकढी काही नको, कारण आंबटाने निकोटीन शोषलंच जात नाही. जेवणावर सोलकढी आणि लगेच च्युइंगगम, आपल्याकडे हमखास चुकतं ते इथे.

सुरुवातीला तासा-दोन तासाला एक, आणि मग आठ ते बारा आठवड्यांत कमी करत जायचं. २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम असे दोन प्रकार येतात. उठल्या उठल्या अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर मोठा डोस लागण्याची शक्यता असते, पण तो डॉक्टरांना विचारूनच घ्या. हृदयाचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर कुठलाच आपणहून नको. व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन या गोळ्याही आहेत. त्या चिठ्ठीशिवाय मी देत नाही, कोणी देऊ नयेत. व्हेप सोडायलाही हेच उपाय कामाला येतात.

आता साठी उलटली. सोडून काय फायदा?

ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये हिशेब मांडला गेला. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षं लवकर जातो. तिशीत सोडली तर ती दहा वर्षं जवळजवळ सगळी परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठाव्या वर्षी सोडली तरी तीन.

माझ्या वडिलांनी बासष्टाव्या वर्षी सोडली. फुप्फुसं तोवर पुष्कळ गेली होती, शेवटची वर्षं ऑक्सिजनचा सिलिंडर खाटेशेजारी होता. तरी सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी ते देवळाच्या पायऱ्या न थांबता चढले होते, आणि वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून आम्हाला हाक मारली होती. ती हाक अजून माझ्या कानात आहे.

गोव्यात मदत कुठे मिळते?

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर हा क्रमांक छापलेला असतो, पण आपल्याकडे बहुतेक लोक गाड्यावरून सुटी सिगारेट घेतात आणि पाकीट त्यांच्या हातात येतच नाही. म्हणून मी तो काउंटरच्या काचेवर मोठ्या अक्षरात चिकटवला आहे. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आणि तिथल्याच मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत व्यसनमुक्तीसाठी जाता येतं. मानसोपचार हा शब्द ऐकून दचकू नका. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही विचारा.

आणि आमच्याकडे या. सिगारेटविषयी बोलायचं असेल तर सकाळी साडेनवाच्या आधी किंवा दुपारी चारनंतर लगेच या, तेव्हा गर्दी नसते.